सुपेर्गाची बॅसिलिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपेर्गा नेमकं कुठे आहे?

इटलीच्या उत्तर भागात, पिएमोंते प्रांतातल्या तुरीन शहराला लागून. शहराच्या पूर्वेला पो नदी आहे आणि ती ओलांडली की लगेच टेकड्यांची रांग सुरू होते. त्या रांगेतली सुपेर्गा ही एक उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ६७० मीटर. तुरीन शहर साधारण २४० मीटरवर आहे, म्हणजे रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर माथा सव्वाचारशे मीटर वर दिसतो. त्या माथ्यावर अठराव्या शतकातलं हे बरोक शैलीचं चर्च आहे, तीच सुपेर्गाची बॅसिलिका. सुपेर्गा नावाचे कापडी बूट बघून हे नाव ओळखीचं वाटलं असेल, तर तेही तुरीनचेच. १९११ साली सुरू झालेल्या त्या कंपनीने नाव या टेकडीचं घेतलं.

हे चर्च नवसाचं आहे, हे खरं का?

हो. १७०६ साली स्पॅनिश वारसा युद्धात फ्रेंच आणि स्पॅनिश सैन्याने तुरीनला वेढा घातला होता. तो ११७ दिवस चालला. तुरीनवर राज्य करणाऱ्या सव्हॉय घराण्याचा ड्यूक वित्तोरिओ आमेदेओ दुसरा शहराबाहेर निसटलेला होता. त्याचा भाऊबंद प्रिन्स युजीन ऑस्ट्रियाच्या बादशहाची फौज घेऊन मदतीला आला आणि २ सप्टेंबरला दोघे शत्रूची पाहणी करायला सुपेर्गावर चढले. वरून वेढ्याचा सगळा नकाशा पायाशी उलगडतो. शहराच्या वायव्येला, दोरा आणि स्तुरा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात फ्रेंचांची मोर्चेबंदी कच्ची होती. पाच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, हल्ला तिथेच झाला आणि वेढा उठला.

टेकडीवर तेव्हा एक लहान जुनं देऊळवजा चर्च होतं, त्यात मरियामातेची लाकडी मूर्ती. जिंकलो तर इथे मोठं चर्च बांधीन, असा नवस ड्यूकने त्या मूर्तीपुढे बोलला, ही परंपरा. चर्च अर्पण केलं आहे ते मरियेच्या जन्मोत्सवाला, म्हणजे ८ सप्टेंबरला. लढाईच्या दुसऱ्याच दिवशीची ही तारीख. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा भरते तीही याच सणाला धरून, आणि योगायोगाने तेही टेकडीवरचंच ठिकाण.

मग पायाचा दगड बसायला ११ वर्षं का लागली?

लढाई जिंकली तरी युद्ध संपलं नव्हतं, ते १७१३ च्या उत्रेख्तच्या तहापर्यंत चाललं. या तहात ड्यूकला सिसिलीचं राज्य मिळालं आणि तो राजा झाला. (१७२० मध्ये सिसिलीच्या बदल्यात सार्डिनिया घ्यावं लागलं, पण राजेपद टिकलं.) नवस बोलला होता एका ड्यूकने, फेडायचा होता एका राजाने. त्यामुळे इमारतीचा आकारही बदलला. हे नुसतं कृतज्ञतेचं चर्च राहिलं नाही, नव्या राजघराण्याची द्वाही झालं. ही बाजू सोडून केवळ भक्तीची गोष्ट सांगितली, तर एवढं मोठं बांधकाम एवढ्या अडचणीच्या जागी का केलं ते कळत नाही.

दुसरं कारण वास्तुकाराचं. मनासारखा माणूस राजाला १७१४ मध्ये सिसिलीतच भेटला.

तो वास्तुकार कोण?

फिलिप्पो युवारा. जन्म १६७८, सिसिलीतल्या मेस्सिना गावी, चांदीकाम करणाऱ्या घरात. रोममध्ये कार्लो फोंतानाकडे तो वास्तुकला शिकला. पण सुपेर्गा समजून घ्यायची असेल तर त्याचा दुसरा धंदा जास्त महत्त्वाचा. रोममध्ये कार्डिनल ओत्तोबोनीच्या खासगी नाट्यगृहासाठी तो नेपथ्य करत असे. प्रेक्षक कुठे बसलाय, त्याला काय दिसेल, काय झाकलं जाईल, हा हिशेब त्याच्या हातात मुरलेला होता. सुपेर्गाचा प्रेक्षक खाली शहरात आहे. तुरीनमधल्या पालाझ्झो मादामाचा दर्शनी भाग आणि शहराबाहेरचा स्तुपिनीजीचा शिकारमहाल ही त्याचीच कामं. १७३६ मध्ये तो माद्रिदला वारला.

टेकडीचा माथा छाटला असं वाचतो. किती, आणि कशासाठी?

सुमारे ४० मीटर. निमुळत्या टेकडीच्या टोकावर सपाट जागा जवळजवळ नसतेच. ती मिळवायचे दोन मार्ग: उतारावर भराव घालायचा, किंवा वरचा भाग कापायचा. भराव स्वस्त पडतो, पण तो वर्षानुवर्षं दबत राहतो. एक कोपरा भरावावर आणि दुसरा मूळ जमिनीवर आला, की घुमटासारख्या जड इमारतीत तडा गेलाच म्हणून समजा. कापलेल्या माथ्यावर मात्र सगळा पाया न हललेल्या जमिनीवर बसतो.

कापून किती जागा मिळते, याचा ढोबळ हिशेब करता येतो. उतार सर्व बाजूंनी ३० अंशांचा धरला, तर टोकापासून ४० मीटर खाली कापल्यावर सुमारे ७० मीटर त्रिज्येचं, म्हणजे १४० मीटर व्यासाचं पठार हाती लागतं. चर्च, मागचा मठ आणि पुढचं मोकळं आवार मावायला एवढं लागतंच. उंचीचा तोटा मात्र होतो. चर्चची उंची सुमारे ७५ मीटर आहे. म्हणजे ४० मीटर आधी घालवले आणि ७५ परत मिळवले. निव्वळ नफा ३५ मीटरचा.

बांधकाम किती वर्षं चाललं? सामान वर कसं नेलं?

पायाचा दगड २० जुलै १७१७ ला बसला, उद्घाटन १ नोव्हेंबर १७३१ ला झालं. चौदा वर्षं. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर पुण्यात शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० च्या जानेवारीत झाली आणि वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीत. दोन्हीकडच्या मुख्य इमारती एकाच सुमारास उभ्या राहिल्या.

सामान खालच्या सासी गावातून गाढवांवर लादून वर नेलं जाई. खर्च वाढवणारी गोष्ट दगड नव्हे, त्याची वाहतूक. गाढवाच्या पाठीवर एका खेपेला फार तर मणभर-दोन मण माल चढतो, आणि चढ सव्वाचारशे मीटरचा. वीट, चुना, वाळू, पाणी, सगळं याच वाटेने. त्यात पाण्याकडे वाचणाऱ्याचं लक्ष जात नाही. चुन्याच्या गिलाव्याला आणि दर्जांना, म्हणजे विटांमधल्या सांध्यांना, पाणी भरपूर लागतं, आणि टेकडीच्या टोकावर ते आपोआप येत नाही.

याला बरोक का म्हणायचं? पुढून तर रोमन देवळासारखं दिसतं.

शंका बरोबर आहे. बरोक हा शब्द पोर्तुगीजांच्या बेडौल मोत्याच्या नावावरून आला असं मानतात. पण वाकडंतिकडं, नक्षीने ओसंडणारं ते सगळं बरोक, हा समज गोव्यातल्या सोनेरी वेद्या पाहून आपल्याकडे पक्का झालाय. बरोकचा गाभा नक्षीत नसून परिणामात आहे. पाहणाऱ्याला एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे खेचायचं, उजेड-अंधाराचा वापर करायचा, इमारतीच्या भागांना चढती भाजणी द्यायची.

सुपेर्गात युवाराने तीन उसनवाऱ्या केल्या आहेत आणि त्या लपवलेल्या नाहीत. पुढचा खांबांचा मंडप रोमच्या पँथिऑनची आठवण देतो. घुमट मायकेलअँजेलोच्या सेंट पीटरच्या वळणाचा. दोन बाजूंचे मनोरे रोमच्या बरोक वास्तुकार बोरोमिनीच्या धाटणीचे, वक्र कडांचे. पहिला भाग शांत, दुसरा भारदस्त, तिसरा चंचल. हे तीन स्वभाव भांडू न देता एकत्र नांदवणं हे त्याचं कसब. म्हणून काही अभ्यासक याला उत्तर-बरोक, म्हणजे बरोकच्या अखेरच्या काळातलं, म्हणतात आणि पुढे येणाऱ्या अभिजात शैलीची चाहूल इथे आहे असं सांगतात. त्या वादात फार शिरण्यात अर्थ नाही. मनोरे झाकून बघा, इमारत अभिजात वाटते. मंडप झाकून बघा, ती बरोक वाटते.

मंडप एवढा पुढे का काढलाय?

चर्चची मुख्य इमारत बाहेरून गोल आहे, आतून अष्टकोनी. गोलाला पुढची बाजू नसते. त्यामुळे दार कुठे हे दुरून कळत नाही आणि सावलीही पसरट पडते. युवाराने चौकोनी मंडप गोलापासून चांगलाच बाहेर काढला, एकूण आठ कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) खांब, त्यांतले चार समोर, आणि तिन्ही बाजूंनी पायऱ्या. मंडप बाजूंनी उघडा असल्याने आत गडद सावली साठते. ही काळी चौकट शहरातूनसुद्धा ओळखू येते. आपल्याकडे देवळाचा सभामंडप गाभाऱ्यापुढे येतो तसाच हा, फक्त इथे त्याचं मुख्य काम माणसं बसवण्याचं नसून सावली धरण्याचं आहे.

घुमट आणि मनोऱ्यांची मापं काय? ती तशीच का?

क्रुसापर्यंत एकूण उंची सुमारे ७५ मीटर, मनोरे सुमारे ६० मीटर, लांबी सुमारे ५१ मीटर. म्हणजे उंची लांबीच्या जवळजवळ दीडपट. सपाटीवरच्या चर्चला हे प्रमाण विचित्र दिसलं असतं.

का, ते थोड्या गणिताने कळतं. तुरीनच्या मध्यवर्ती चौकातून सुपेर्गा सरळ रेषेत साधारण साडेसहा किलोमीटर आहे. ७५ मीटरची वस्तू तेवढ्या अंतरावरून जेमतेम दोन-तृतीयांश अंशाची दिसते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, त्यापेक्षा जराशी मोठी. हात लांब करून करंगळी धरली तर सगळं चर्च तिच्यामागे झाकतं. एवढ्याशा आकारात पुतळे, कोरीवकाम, रंगसंगती काहीही उरत नाही. उरते फक्त आकाशावरची बाह्यरेषा. म्हणून मधे जाड घुमट आणि दोन्हीकडे बारीक काटे, मधे रिकामं आकाश. मनोरे घुमटाला चिकटवले असते तर शहरातून एक गठ्ठा दिसला असता.

मनोरे चर्चच्या अंगावर नाहीत. ते दोन्हीकडच्या बुटक्या पाख्यांवर, म्हणजे बाजूच्या इमारतींवर, उभे आहेत, आणि ती पाखी खरं तर मागच्या मठाची. चर्चला मोकळं दिसायला लागणारी जागा अशी काढली आहे.

अष्टकोनावर गोल घुमट बसतो कसा?

घुमट बांधणाऱ्याची मुख्य अडचण कोपऱ्यांची. चौकोनी खोलीवर गोल घुमट ठेवला की चार कोपरे उघडे पडतात, आणि त्यांच्यावरचा भार खाली आणायला मधल्या जागेत वक्र त्रिकोण बांधावे लागतात. चौकोनाचा कोपरा आतल्या वर्तुळापासून त्रिज्येच्या ४१ टक्के बाहेर असतो. अष्टकोनाचा कोपरा फक्त ८ टक्के. दहा मीटर त्रिज्येच्या घुमटाला चौकोनावर ४ मीटरहून जास्त लांब पोकळी झाकावी लागते, अष्टकोनावर एका मीटरहूनही कमी. एवढी तफावत कडीसारख्या गोल पट्ट्याने सहज पचते.

विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना हे लवकर कळेल. तिथे खोली चौकोनी आहे, आणि एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी वर अष्टकोन तयार करून त्यावर घुमट टेकवला आहे. सुपेर्गाला अष्टकोन खालीच मिळाला. कोपऱ्यांशी खांब, खांबांवर गोल पट्टा, पट्ट्यावर खिडक्या असलेला उभा ढोल, आणि ढोलावर घुमट. दुसरा फरक या ढोलाचा. विजापूरला घुमट भिंतीवरच बसल्यासारखा दिसतो, इथे ढोलाने त्याला उचलून धरलं आहे. ढोल नसता तर पायऱ्यांपाशी उभ्या माणसाला मंडपामागे घुमट दिसलाच नसता.

अशा घुमटांना तडे का जातात?

घुमटाचं वजन खाली येताना बाहेरही ढकलतं. अर्धगोल घुमटात टोकापासून साधारण ५२ अंशांपर्यंतचा भाग दाबाखाली असतो, त्याच्या खालचा पट्टा ताणाखाली. वीट आणि दगड दाब कितीही सोसतात, ताण सोसत नाहीत. परिणाम म्हणजे खालून वर जाणारे उभे तडे, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारखे.

उपाय तीन. घुमट अर्धगोलापेक्षा उंच करायचा, म्हणजे बाहेरचा रेटा कमी होतो. ढोलाला बाहेरून उभे खांब द्यायचे, ते पुश्त्यांचं काम करतात. आणि लोखंडाचं कडं घालायचं, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसं. रोमच्या सेंट पीटरला १७४० च्या दशकात गणिती पोलेनीच्या सल्ल्याने अशी जादा कडी घालावी लागली, कारण तडे डोळ्यांना दिसू लागले होते. युवारा रोममध्येच घडलेला, त्याने सेंट पीटरचा घुमट जवळून अभ्यासलेला. सुपेर्गाचा घुमट उंच घडणीचा आहे तो केवळ शोभेसाठी नाही.

टेकडीवर आणखी एक शत्रू आहे, गोठणारं पाणी. तुरीनचा हिवाळा शून्याखाली जातो. दर्जांत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, वितळतं, पुन्हा मुरतं. एका हिवाळ्यात हे चक्र कित्येकदा होतं. चुन्याच्या दर्जा उघड्या राहिल्या की आधी गिलावा पोपडे धरतो, मग विटेचा कोपरा जातो. अशा जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देणं सर्वांत वाईट: आत आलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि भिंत आतून कुजते. कोकण-गोव्यातली जांभ्याची जुनी घरं सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आत काय चुकवू नये?

आत पाऊल टाकल्यावर लगेच वेदीकडे जाऊ नका. घुमटाखाली मधोमध उभे राहा आणि वर बघा. ढोलाच्या खिडक्यांतून येणारा उजेड घुमटाच्या पोटावर पडतो आणि तिथून खाली सांडतो. भिंतींना फार सजावट नाही, सजावट उजेडाची आहे.

मुख्य वेदीवर बर्नार्दिनो कामेत्तीचं संगमरवरी उठावशिल्प आहे. त्यात १७०६ ची तुरीनची लढाई कोरली आहे: वर मरियामाता, खाली घोडे आणि सैनिक. वेदीवर लढाईचं चित्र हे नवसाच्या चर्चला शोभतं, पण तसं क्वचितच पाहायला मिळतं. बाजूच्या वेद्यांवरची चित्रं पाहायची तर सेबास्तिआनो रिच्चीचं संत मॉरिसचं चित्र शोधा. शेवटी नवसाच्या छोट्या कपेलात (प्रार्थनेच्या दालनात) जा. ड्यूकने जिच्यापुढे नवस बोलला ती लाकडी मूर्ती तिथे आहे. जुनं चर्च पाडलं, मूर्ती ठेवली. एवढ्या थोरल्या इमारतीत ती इतकी लहान आहे की गर्दीत सहज नजरेआड होते.

मागचा मठ कशासाठी?

चर्चची देखभाल आणि नित्य उपासना करणाऱ्या धर्मगुरूंसाठी. मधे चौक, चौकाभोवती कमानींची ओसरी. चर्चचा गोल अर्धा मठाच्या लांबट इमारतीत घुसलेला आहे आणि अर्धा बाहेर. मठात पोपांच्या तैलचित्रांचं एक दालनही आहे. पहिल्या पीटरपासून ओळीने सगळे. हौस असेल तरच.

सव्हॉय घराण्याचे सगळे राजे इथेच पुरले आहेत का?

नाही, आणि हा गैरसमज बराच आहे. चर्चखालचं तळघर वित्तोरिओ आमेदेओ तिसऱ्याच्या हुकमावरून १७७४ ते १७७८ या काळात तयार झालं. वास्तुकार होता फ्रांचेस्को मार्तिनेझ, युवाराचा भाचा. त्याची आखणी लॅटिन क्रुसाची, म्हणजे एक हात लांब आणि तीन आखूड. घराण्यातल्या साठेक जणांचे अवशेष इथे आहेत. पायऱ्या उतरताना सैतानाला लोळवणारा संत मायकेल दिसतो, तो कार्लो फिनेल्लीचा पुतळा.

मधोमध कार्लो आल्बेर्तोची शवपेटी आहे. रीत अशी होती की शेवटी वारलेल्या राजाला मधली जागा द्यायची आणि पुढचा राजा वारला की त्याला बाजूला हलवायचं. कार्लो आल्बेर्तो १८४९ मध्ये पोर्तुगालमध्ये, परागंदा अवस्थेत वारला. त्यानंतर इटली एक झाली, राजधानी रोमला गेली, आणि त्याचा मुलगा वित्तोरिओ एमानुएले दुसरा व नातू उंबेर्तो पहिला यांना रोमच्या पँथिऑनमध्ये ठेवलं गेलं. पुढचा कोणी आलाच नाही, त्यामुळे कार्लो आल्बेर्तो मधेच राहिला. वित्तोरिओ एमानुएले तिसऱ्याचे अवशेष २०१७ मध्ये इटलीत आणले तेही सुपेर्गाला नाही, पिएमोंतेतल्याच विकोफोर्तेला.

चर्चच्या मागे फुलं आणि गळपट्टे का ठेवलेले असतात?

४ मे १९४९ ला ‘ग्रांदे तोरिनो’ या फुटबॉल संघाला लिस्बनहून परत आणणारं विमान इथे आदळलं. विमान फियाट जी.२१२ जातीचं, तीन इंजिनांचं. ढग खाली उतरलेले, पाऊस, दृश्यता जवळजवळ शून्य. वैमानिकाला टेकडी आपल्यापासून दूर आहे असं वाटत होतं. विमान चर्चच्या मागच्या बाजूच्या बांधावर धडकलं. ३१ जण गेले, त्यांत १८ खेळाडू. उंची दाखवणारं यंत्र चुकीचा आकडा दाखवत अडकलं असावं, असा एक तर्क केला जातो.

तो संघ इटलीचं विजेतेपद सलग पाचव्यांदा घेण्याच्या बेतात होता. उरलेले चार सामने क्लबने तरुण संघ उतरवून खेळले, आणि समोरच्या क्लबांनीही आपले तरुणच उतरवले. दरवर्षी ४ मे रोजी सध्याच्या संघाचा कर्णधार इथे मृतांची नावं मोठ्याने वाचतो. त्या दिवशी गर्दी प्रचंड असते. केवळ वास्तू पाहायची असेल तर दुसरा दिवस निवडा. स्मारक मागच्या बाजूला आहे, तिथे दंगा, पोज देऊन फोटो टाळा. लोक अजूनही रडतात.

वर जायला गाडी कोणती?

सासीहून वर दातेरी रुळावरची ट्राम जाते. २६ एप्रिल १८८४ ला ती सुरू झाली तेव्हा तोमासो आगुदिओच्या पद्धतीची, म्हणजे दोरखंडाने चालणारी होती. १९३० च्या दशकात ती विजेवर आणि दातेरी पद्धतीवर आणली. लांबी सुमारे ३.१ किलोमीटर, चढ सुमारे ४२० मीटर, सर्वांत कडक जागी २१ टक्के.

२१ टक्के म्हणजे किती? नेरळ-माथेरानची गाडी १ ला २० अशा चढाने, म्हणजे ५ टक्क्यांनी जाते, आणि तिला दातेरी पट्टी नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर ओलसर दिवशी जेमतेम तेवढंच धरून ठेवतं. निलगिरीच्या गाडीला सुमारे ८ टक्क्यांसाठी दातेरी पट्टी लागते. २१ टक्क्यांवर साधं चाक जागीच फिरेल. म्हणून दोन रुळांच्या मधे दातांची पट्टी आणि गाडीखाली तीत अडकणारं दातेरी चाक. वेग कमी, खडखड भरपूर.

ट्राम देखभालीसाठी मधेमधे बंद ठेवतात आणि आठवड्यातला एखादा दिवसही बंद असतो. निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहाच. बंद असली की बदली बस असते. पायवाटही आहे: सासीहून दीड तास धरा. आतकरवाडीकडून सिंहगड चढणाऱ्यांना हा चढ जड जाणार नाही. फक्त ओल्या पानांवर पाय घसरतो, तेवढं जपा.

घुमटावर चढता येतं का?

येतं, वेगळ्या तिकिटावर. चक्री जिन्याच्या १३१ पायऱ्या. जिना अरुंद आहे आणि समोरून माणूस आला तर कोणाला तरी भिंतीला चिकटावं लागतं. पाठीवरची मोठी पिशवी खाली ठेवा. गुडघेदुखी, बंद जागेची भीती किंवा चक्कर यांपैकी काही असेल तर सोडून द्या. आवारातून दिसणारा देखावा फार कमी नाही. वाऱ्याच्या, वादळी हवेच्या दिवशी वरचा सज्जा बंद करतात.

कोणत्या ऋतूत आणि किती वाजता जावं?

पोच्या खोऱ्यात हिवाळ्यात थंड हवा तळाला साचते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धुकं दिवसदिवस हलत नाही. अशा दिवशी शहर राखाडी असतं आणि सुपेर्गा उन्हात. ढगांचा पांढरा समुद्र आणि पलीकडे आल्प्सची बर्फाची रांग, उत्तरेला मोंते रोझा, नैर्ऋत्येला मोनव्हिजो. वसंतात आणि शरदात उलटं होतं: ढग खाली येतात, शहर कोरडं आणि टेकडी ढगात. शहरातून घुमट दिसत नसेल तर वर जाऊन तुम्हालाही शहर दिसणार नाही. निघण्याआधी खिडकीतून बघा, हाच सर्वांत भरवशाचा अंदाज.

आल्प्स पाहायचे तर सकाळ, कारण ऊन तुमच्या पाठीमागून डोंगरांवर पडतं. चर्चचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे, तो सकाळी सावलीत असतो. त्याचा फोटो हवा असेल तर दुपारनंतर या. शेवटच्या तासात पिवळसर भिंती तापलेल्या तुपाच्या रंगाच्या होतात आणि मंडपातली सावली मागे सरते. शेवटची ट्राम मात्र त्याच सुमारास असते.

चर्च कुठून सर्वांत चांगलं दिसतं?

जवळून नव्हे. शहरातून पश्चिमेला जाणारा कोर्सो फ्रान्सिया हा रस्ता दहा किलोमीटरहून जास्त अंतर सरळ जातो आणि रिव्होली गावच्या टेकडीच्या पायथ्याशी पोचतो. तिथल्या राजवाड्यापासून मागे वळून पाहिलं की रस्ता, शहर आणि सुपेर्गाचा घुमट एका रेषेत येतात. सरळ अंतर जवळपास २० किलोमीटर. स्वच्छ हवेत, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, घुमट आणि दोन मनोरे नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात.

या रेषेच्या दोन टोकांना एक तारीख जोडते. वित्तोरिओ आमेदेओने १७३० मध्ये राज्य मुलाला, कार्लो एमानुएले तिसऱ्याला दिलं, वर्षभरात ते परत मागितलं, आणि सप्टेंबर १७३१ मध्ये मुलाने त्याला अटक करवली. १ नोव्हेंबर १७३१ ला सुपेर्गाचं उद्घाटन झालं ते नव्या राजाच्या उपस्थितीत. नवस बोललेला म्हातारा राजा त्या दिवशी रिव्होलीच्या वाड्यात नजरकैदेत होता. पुढल्या वर्षी तुरीनजवळच्या मोंकालिएरीला तो वारला आणि मग त्याला सुपेर्गावर आणलं.